रुखवताचे ट्रे, बाटल्या आणि मानपानाची पाकिटं : कोणत्या जागी कोणता गोंद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात घरात लग्न आहे, म्हणून रुखवतासाठी एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) ट्रे आणि काचेच्या बाटल्या कागद लावून सजवताय, शिवाय मानपानाची शंभर पाकिटं घरीच करायची आहेत. काम ऐन पावसाळ्यात सुरू केलंत. ट्रेवरच्या कागदाला सुरकुत्या आणि फुगे आले, बाटलीवरचा कागद सालीसारखा सुटून आला, कुंदन दोन दिवसांत गळली आणि वॉर्निश केलेले दोन ट्रे एकमेकांना चिकटून बसले. सगळीकडे पांढरा फेविकॉलच वापरला होता, तर याहून मजबूत गोंद कोणता, असं तुम्ही विचारलंय.

मजबूत गोंद शोधायची गरज नाही. चारही ठिकाणी गडबड पाण्याची किंवा दमट हवेची आहे. पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी निघून गेलं की कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा पारदर्शक पापुद्रा होतो, तेव्हा वस्तू चिकटते. याचा अर्थ, चिकटवायच्या दोन पृष्ठभागांपैकी निदान एकाने पाणी शोषून बाहेर सोडलं पाहिजे. कागदावर कागद, लाकडावर कागद, काचेवर कागद हे जमतं, कारण कागद पाणी पितो. प्लास्टिकचं कुंदन वॉर्निश केलेल्या ट्रेवर लावलं की दोन्ही दारं बंद. गोंद कडेने सुकतो, आत दिवसेंदिवस ओला राहतो, आणि बोट लागताच खडा घसरतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की कागदातलं पाणीसुद्धा लवकर जात नाही. गोंदाच्या बाटलीवर लिहिलेले सुकण्याचे तास कोरड्या हवेतले असतात. पावसात ते दुप्पट-तिप्पट धरा आणि वस्तू पंख्याच्या वाऱ्याखाली ठेवा. उन्हात ठेवू नका, एकच बाजू तापून पुठ्ठा आणि एमडीएफ दोन्ही वाकतात.

आता सुरकुत्या. कागदातले तंतू कारखान्यात यंत्र चालतं त्या दिशेने लांबीत पडतात. भिजल्यावर प्रत्येक तंतू लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेला पसरतो. तीस सेंटिमीटरच्या तुकड्यात हा फरक काही मिलिमीटरचा असू शकतो. गोंद लावल्या-लावल्या कागद ट्रेवर दाबला, की तो तिथेच पसरायला लागतो, जागा मिळत नाही म्हणून वर उचलला जातो, आणि तोच फुगा. उपाय साधा आहे. कागदाच्या मागे गोंद लावा आणि त्याला पसरू द्या. ८० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) कागद असेल तर दोन-तीन मिनिटं, १२० च्या वरचा असेल तर पाच. मधेच कोरडा दिसला तर पुन्हा पातळ हात फिरवा. तो पूर्ण पसरल्यावर लावला, की सुकताना आकसतो आणि ताणून बसतो. सुकताना आलेली बारीक लाट दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा आपोआप जाते, म्हणून ओल्या कागदावरची प्रत्येक लाट बोटाने दाबायला जाऊ नका. तसं केलं की शाई उडते आणि कागदाची लव उठते.

तंतूंची दिशा ओळखायला त्याच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी, प्रत्येकी २ बाय १५ सेंटिमीटर. दोन्ही एकावर एक धरून एका टोकाला पकडा. जी खाली लोंबते तिच्यात तंतू आडवे आहेत. ही चाचणी एकदा शिकलात की कार्डाची घडीही फाटणार नाही, पण त्याबद्दल पुढे.

गोंद किती पातळ करायचा हे कागदाच्या जाडीवर ठरतं. साध्या छापील कागदासाठी तीन भाग गोंदात एक भाग पाणी, सपाट ब्रशने. जाड कार्डशीटला पाणी अजिबात नको, पातळ थर पुरतो. पेपर नॅपकिन बहुधा दोन किंवा तीन पदरी असतो. नक्षीचा वरचा पदर तेवढा सोलून घ्यायचा. राहिलेला पांढरा पदर चिकटू दिला तर पुढे वॉर्निश केल्यावर आतल्या आत फुगतो. नॅपकिनचा एक पदर ओल्या ब्रशने फाटतोच, म्हणून त्यासाठी वेगळी युक्ती आहे. रंगवलेल्या ट्रेवर न पातळ केलेल्या फेविकॉलचा एकसारखा थर द्या आणि तो पूर्ण सुकू द्या, पारदर्शक होईपर्यंत. मग नॅपकिन कोरडाच वर पसरा, त्यावर बेकिंगसाठी मिळणारा सिलिकॉनचा लेप असलेला कागद ठेवा आणि वाफ बंद करून मध्यम तापमानाची इस्त्री मधून कडेकडे फिरवा. सुकलेला फेविकॉल उष्णतेने मऊ होतो आणि नॅपकिनला धरतो. पाणीच नाही, त्यामुळे सुरकुती नाही. साधा बटर पेपर इथे चालत नाही, तो स्वतःच चिकटून बसतो.

नॅपकिन जवळजवळ पारदर्शक होतो. खाली गडद रंग असेल तर फुलं मळकट दिसतात. पांढरा किंवा मोतिया आधार द्या.

ट्रेचं एमडीएफ तुम्ही थेट रंगवलं असावं असं वाटतं. त्याच्या कडा पाणी ओढतात आणि फुगून खरखरीत होतात. आधी प्रायमर किंवा जेसोचे (रंगाआधी लावायच्या जाड पांढऱ्या लेपाचे) दोन हात द्या. ते नसेल तर फेविकॉल आणि पाणी सम प्रमाणात घेऊन कडांना दोनदा लावा. सुकल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि ओल्या फडक्याने पूड पुसून घ्या. ट्रेचा तळ आतून कागदाने झाकलात तर खालच्या बाजूलाही तसाच कागद लावा, तंतूंची दिशा तीच ठेवून. पुस्तक बांधणारे पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी कागद लावतात, त्यामागे हेच कारण आहे. एका बाजूचा कागद सुकताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. तीन मिलिमीटरचं पातळ एमडीएफसुद्धा या ओढीने वाकतं.

चित्रं कुठून छापलीत तेही सांगायला हवं होतं. घरच्या इंकजेट छपाईची रंगीत शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते. गोंदाचा ब्रश फिरताच लाल रंग गुलाबी होऊन पसरतो. बाजारात लेझरवर रंगीत झेरॉक्स काढा, तिची पूड कागदावर वितळून बसलेली असते. शंका असेल तर चित्राच्या कोपऱ्यावर ओलं बोट घासून पाहा. स्वस्त घोटीव आणि पतंगी कागदाचा रंगही असाच सुटतो. मूळ फोटो कधीच चिकटवू नये, त्याची लेझर प्रत लावावी.

बाटलीची गोष्ट वेगळी आहे. काच पाणी पीत नाही, पण कागद पितो, म्हणजे गोंद सुकायला अडचण नव्हती. अडचण पकडीची होती. गुळगुळीत आणि थोड्या तेलकट काचेवर फेविकॉलचा पापुद्रा नुसता बसलेला असतो. दमट हवेत तो मऊ पडला की अख्खा उचलला जातो. लेबल काढायला बाटली अर्धा तास कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा. राहिलेली चिकी खोबरेल आणि खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने निघते. मग ते तेल भांड्यांच्या साबणाने धुवा आणि शेवटी स्पिरिटने पुसा. त्यानंतर बाटलीला मधे हात लावायचा नाही, तोंडात काठी घालून उचला. स्पंजच्या तुकड्याने जेसो किंवा चॉक पेंट (खडूसारखा मॅट रंग) थोपटून लावा. ब्रशने ओढलात तर काचेवर रेघा उठतात. दोन पातळ थर, मधे तीन-चार तास, आणि कागद दुसऱ्या दिवशी. तोवर कागदाला धरायला खडबडीत आणि पाणी शोषणारी भिंत तयार झालेली असते.

गोलाईवर मोठा तुकडा लावू नका. बाटलीच्या खांद्याजवळ कागदाला एकेक सेंटिमीटरवर उभ्या चिरा द्या, त्या एकमेकींवर चढतात. एका वेळी पाच-सहा सेंटिमीटरवरच गोंद लावा आणि मधून बाहेर हवा काढत जा. चित्राच्या कडा कात्रीने कापण्याऐवजी ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडल्या, तर जोड कमी दिसतात.

कुंदन, टिकल्या, आरसे, मोती यांच्यासाठी सरसकट एकच उत्तर देणारे लोक फार आहेत, आणि बहुतेक जण ग्लूगन सुचवतात. माझं मत विरुद्ध आहे. ग्लूगनमधून दीडशे अंशांच्या वर तापलेलं प्लास्टिक बाहेर येतं. पुठ्ठ्यावर आणि कापडावर ते तंतूंत शिरतं, म्हणून उत्तम धरतं. काच, स्टील किंवा चकचकीत रंगावर ते टेकताच गार होतं आणि ओघळ गोठतो, आत शिरायला जागाच नसते. नखाने ते अख्खं निघतं. शिवाय उन्हात उभ्या गाडीत तेच प्लास्टिक पुन्हा मऊ होतं, आणि रुखवत तर गाडीतूनच कार्यालयात जाणार आहे. ग्लूगन पुठ्ठ्याचे सांगाडे उभे करायला, वाळलेल्या फांद्या आणि नारळाच्या करवंट्या जोडायला ठेवा.

गुळगुळीत ट्रेवर प्लास्टिकचं कुंदन लावायला दोन रस्ते आहेत. पहिला आणि चांगला : वॉर्निश करण्यापूर्वीच जागा राखा. पेन्सिलने खुणा करा, खुणेवर मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावा, वॉर्निश करा आणि सुकल्यावर टेप काढा. खाली उघडा कागद किंवा मॅट रंग मिळतो. तो पाणी पितो, म्हणून न पातळ केलेला फेविकॉल पुरतो. थेंब खड्याच्या एक-तृतीयांशाएवढाच. दाबल्यावर कडेने बाहेर आला तर जास्त झाला. तो लगेच ओल्या काडीने पुसा, सुकल्यावर काढताना रंगही येतो.

दुसरा रस्ता दोन ट्यूबच्या इपॉक्सीचा, म्हणजे अ‍ॅराल्डाइटसारखा गोंद. तो सुकत नाही. दोन द्रव एकमेकांशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतात, त्यामुळे पाणी बाहेर पडायला वाट लागत नाही. वॉर्निशवर, काचेवर, धातूवर हाच खात्रीचा. जागा २२० च्या कागदाने हलकी खरवडा, दोन्ही ट्यूबमधून सारखं प्रमाण पुठ्ठ्यावर काढा आणि एक मिनिट नीट घोटा. प्रमाण चुकलं तर तो कायम चिकट राहतो, आणि ‘हार्डनर (घट्ट करणारी दुसरी ट्यूब) जास्त घातला की लवकर घट्ट होतो’ ही समजूत चुकीची आहे. पाच मिनिटांत धरणारा प्रकार घेतलात तर एका वेळी वाटाण्याएवढाच कालवा. धरलेला खडा दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. खिडकी उघडी ठेवा आणि बोटांना लागू देऊ नका, काहींना त्वचेला खाज सुटते.

फेविक्विक मी इथे टाळायला सांगेन. तो दमट हवेत झटकन घट्ट होतो, पण त्याची वाफ शेजारच्या चकचकीत खड्यावर पांढुरकी बसते, पावसात जास्तच, आणि ती जात नाही. त्याचा जोड काचेसारखा ठिसूळ असतो, धक्क्याला उडतो. कापसाच्या बोळ्यावर किंवा सुती कापडावर तो सांडला तर चटका बसेल इतका तापतो, म्हणून पुसायला कापूस घेऊ नका.

आरशांना मागे चंदेरी लेप असतो. रबरी, वासाचे द्रावणाचे गोंद तो लेप खातात आणि काही दिवसांत आरशावर काळे डाग उमटतात. आरसा कागदावर किंवा कापडावर फेविकॉलनेच लावा. हाच वासाचा गोंद थर्माकोलही विरघळवतो. पण सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा मखर-सांगाडा पुठ्ठ्याचाच करा. गोटा आणि लेस लावताना फेविकॉल जाडसर आणि कमी घ्या, नाहीतर पाणी लेसमधून वर येऊन डाग दिसतो.

आता पाकिटं. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटरची असते, म्हणून पाकीट १७.५ बाय ८.५ सेंटिमीटरचं पुरेसं आहे. त्यासाठी २०.५ सेंटिमीटरचा चौरस लागतो : वर ३.५ चं झाकण, मधे ८.५ चं दर्शनी पान, खाली ८.५ चं मागचं पान. मधल्या पानाला दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्या ठेवा. झाकण आणि मागच्या पानाच्या बाजूचे कोपरे कापून टाका आणि मागचं पान दोन्हीकडून एकेक मिलिमीटर अरुंद करा, म्हणजे घडी घातल्यावर ते बाहेर डोकावत नाही. एका ए-४ कागदात एक पाकीट बसतं आणि उरलेल्या पट्टीत फुलं, पानं निघतात. कागद १२० जीएसएमचा घ्या. याहून पातळ घेतला तर नोट दिसते, १८० च्या वर गेला तर घड्या फुटतात.

पाकिटाच्या लांब घड्या तंतूंच्या दिशेनेच आल्या पाहिजेत. ए-४ कागदात तंतू बहुतेक वेळा लांब बाजूने असतात, पण गठ्ठा बदलला की पट्टीची चाचणी करा. घडी घालण्यापूर्वी संपलेल्या बॉलपेनने पट्टीला टेकवून रेघ दाबा. रेघेच्या मागे उंचवटा उठतो, तो घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. बहुतेक जण उलट, खाचेत दुमडतात, आणि मग जाड कार्डाच्या घडीवर पांढरी भेग पडते. हातकागदात, विशेषतः पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तशा सुती चिंध्यांच्या कागदात, तंतू सगळीकडे विखुरलेले असतात. तो कुठूनही सारखा दुमडतो, पण पाणी खूप ओढतो.

पाकिटं जोडायला फेविकॉल नको, बारा मिलिमीटरचा दुहेरी टिश्यू टेप वापरा. गोंदाने शंभरातली तीस तरी लाटाळ होतील. दीड सेंटिमीटरच्या पट्टीवर तो नेमका बसतो. टेप लावून वरून नखाने घासा, हा गोंद दाबानेच पकड घेतो. साधा सेलोटेप कुठेच नको, वर्षभरात पिवळा पडून कागदात तेलकट डाग सोडतो. ग्लूस्टिक फक्त कागदावर पातळ कागद लावायला ठीक, कडा पुढे उठतात. उठावाची फुलं लावायला एक मिलिमीटरचा फोम टेप घ्या. दोन मिलिमीटरचा घेतलात तर गठ्ठ्यात दबून पाकिटांवर वळ उमटतात.

रुपयाचं नाणं हा वेगळाच त्रास. स्टील, गुळगुळीत, आणि वजन तीन ते पाच ग्रॅम. फेविकॉल कागदाला धरतो, नाण्याला नाही. नाणं स्पिरिटने पुसा आणि मागे टिश्यू टेपचा चौकोन लावा, किंवा नाण्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठ्या गोल कागदी चकतीला चिरा देऊन त्या खाचेत नाणं अडकवा. दुसरा प्रकार सगळ्यात टिकाऊ आहे, आणि नाणं काढून घेताना पाकीटही फाटत नाही.

पतंगी कागद, पुठ्ठ्याचे मोठे तुकडे किंवा रुखवतातलं तुळशीवृंदावन करायला घरची खळ स्वस्त आणि चांगली : ५० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि गाळा. दोन दिवसांच्या वर ठेवू नका. खळ कसर आणि झुरळांना आवडते. पुस्तक बांधणारे तिच्यात मोरचूद टाकतात, पण ते विषारी आहे. खाण्याचं सामान ठेवायच्या किंवा मुलांच्या हातात जायच्या वस्तूला ते लावू नका.

वॉर्निश पाण्याचंच घ्या. तेलाचं कालांतराने पिवळं पडतं आणि पांढऱ्या नक्षीवर ते लगेच दिसतं. तीन पातळ थर, मधे कोरड्या हवेत तीन तास, पावसात निदान सहा. स्प्रेचं लॅकर भर पावसात मारलं तर पांढुरका धूर बसतो. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. हाताला कोरडं लागलेलं वॉर्निश आतून घट्ट व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढ्यात दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या की दोन्हींवरचे थर एकमेकांत मिसळतात, आणि तुमच्या ट्रेंचं नेमकं हेच झालंय. वाळलेल्या वॉर्निशवर लाडू किंवा करंज्या थेट ठेवू नका. खाली केळीचं पान घाला किंवा स्टीलची ताटली ठेवा.

चिकटलेले दोन ट्रे ओढून सोडवू नका, कागदासकट निघतील. दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने वॉर्निशचा चिकटपणा कमी होतो. बाहेर काढून लगेच दात साफ करण्याचा धागा दोघांच्या फटीत घाला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. सुटल्यावर ट्रे पिशवीतच राहू द्या, गारवा जाईपर्यंत, नाहीतर वर घाम धरतो. जिथे वॉर्निश उखडलंय तिथे २२० चा कागद फिरवून एक थर द्या. शेवटचा थर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटपा, त्यावर बिनरंगी मेण-पॉलिशचा हात मऊ फडक्याने फिरवा आणि ट्रे मलमलच्या कापडात उभे ठेवा. रद्दीत गुंडाळले तर छापील अक्षरं वॉर्निशवर उलटी उमटतात.